डिझेल इंजिनात वनस्पती तेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझेलच्या जागी वनस्पती तेल वापरता येईल का, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे अपवाद आणि अडचणी येतात. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान १, ३ आणि ११ एवढे तरी वाचा आणि मगच टाकीचं झाकण उघडा.

१. वनस्पती तेल सरळ टाकीत ओतलं तर डिझेल इंजिन चालतं का?

चालतं. हवा उबदार असेल, इंजिन जुन्या पद्धतीचं असेल आणि पंप ठणठणीत असेल तर पहिले काही दिवस फारसा फरकही जाणवत नाही. फसगत होते ती इथेच. महिनाभर गाडी चालली म्हणजे इंजिनाला तेल मानवलं, असं नाही. बिघाड आतल्या आत साठत जातो आणि बाहेर दिसेपर्यंत इंजिन खोलण्याची वेळ आलेली असते. इंजिन उत्पादकांच्या अमेरिकी संघटनेने पर्यायी इंधनांसाठी २०० तासांची प्राथमिक चाचणी ठरवली ती याच कारणाने. थोडा वेळ चालवून काढलेले निष्कर्ष वनस्पती तेलाच्या बाबतीत दिशाभूल करतात.

म्हणून कुणी ‘माझी गाडी तेलावर मस्त चालते’ असं सांगितलं, तर दोनच गोष्टी विचारा. किती तास चालली, आणि त्यानंतर नोझल, म्हणजे इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचं टोक, काढून पाहिलं का?

२. रुडॉल्फ डिझेल यांनी हे इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं ना?

नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं, हे खरं. पण ते इंजिन खनिज तेलासाठीच बनवलेलं होतं आणि त्यात काहीही बदल न करता ते या तेलावर चाललं. १९१२ मध्ये खुद्द डिझेल यांनीच तसं नोंदवून ठेवलं आहे. वनस्पती तेलांना पुढे महत्त्व येईल असं त्यांना वाटत होतं, तेवढ्यावरून ही दंतकथा वाढली. त्या काळची इंजिनं संथ होती आणि आजच्यासारखे नाजूक इंजेक्टर त्यांत नव्हते. त्यामुळे ‘मूळ इंजिन तेलावरच चालायचं, मग आताचं का नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही.

३. साधं तेल वापरल्याने नेमकं बिघडतं काय?

सगळ्याचं मूळ दाटपणात आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची श्यानता, म्हणजे मोजलेला दाटपणा, साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असते. सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी यांची तेलं त्याच तापमानाला ३० ते ४० सेंटिस्टोकच्या घरात असतात, म्हणजे जवळजवळ दहापट दाट. इंजेक्टरमधून डिझेलचं धुकं होतं, तेलाचे मात्र मोठे थेंब उडतात. ते पूर्ण जळण्याआधीच पिस्टनच्या माथ्यावर आणि सिलिंडरच्या भिंतीवर जाऊन आपटतात. त्यात तेलाचा सीटेन अंक, म्हणजे इंधन किती चटकन पेटतं त्याचं माप, कमी, बहुतेकांचा ३५ ते ४२, त्यामुळे पेट घ्यायलाही उशीर होतो.

पुढचं सगळं ओघाने होतं. नोझल काढून उजेडात धरलं तर भोकाभोवती काळा, कडक कार्बन कर्ण्याच्या आकारात वाढलेला दिसतो. नखाने तो निघत नाही. त्यामुळे फवारा वाकडा होतो, ज्वलन आणखी बिघडतं आणि कार्बन आणखी वाढतो. पिस्टन रिंग खाचेत चिकटून बसतात, कॉम्प्रेशन उतरतं. रिंगांच्या बाजूने न जळलेलं तेल खाली झिरपून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. हे शेवटचं सगळ्यांत घातक, त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

या सगळ्याचा वेग तीन गोष्टींवर ठरतो: इंधन किती गरम आहे, किती स्वच्छ आहे आणि इंजिनावर लोड किती आहे. थंड तेल, अस्वच्छ तेल आणि आयडलवर, म्हणजे लोडशिवाय, तासन्‌तास चालणारं इंजिन यांपैकी एक जरी असलं तरी नुकसान होतं. तिन्ही एकत्र आली तर इंजिन फार काळ तग धरत नाही.

४. बायोडिझेल म्हणजे हेच ना?

नाही. या विषयातला सर्वांत जास्त गोंधळ याच एका प्रश्नातून होतो. तीन वेगवेगळी इंधनं आहेत.

पहिलं म्हणजे साधं वनस्पती तेल, गाळलेलं पण रासायनिकदृष्ट्या जसंच्या तसं. ते वापरायचं तर इंजिनात बदल करावा लागतो.

दुसरं बायोडिझेल. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. मिथेनॉल आणि अल्कली वापरून या साखळ्या सुट्या केल्या की मिथाइल एस्टर मिळतं, तेच बायोडिझेल. रेणूचं वजन साधारण एक तृतीयांशावर येतं आणि श्यानता ४ ते ५ सेंटिस्टोकवर. इथे इंजिन तेच राहतं, बदलतं ते इंधन. कल्पना जुनीच आहे. ब्रसेल्स विद्यापीठातल्या जी. शावान यांच्या नावावर १९३७ चं बेल्जियन पेटंट आहे आणि १९३८ साली ब्रसेल्स–लूवाँ मार्गावर पाम तेलाच्या इथाइल एस्टरवर प्रवासी बस धावली होती.

तिसरं हायड्रोजनप्रक्रिया केलेलं तेल, म्हणजे एचव्हीओ. यात कारखान्यात हायड्रोजनच्या साहाय्याने तेलातला ऑक्सिजन काढून टाकतात आणि हाती पॅराफिन येतं. ते रासायनिकदृष्ट्या डिझेलच्याच कुळातलं असतं, सीटेन अंक ७० च्या वर. हे घरी बनवता येत नाही. पण प्रमाणित एचव्हीओ मिळत असेल आणि उत्पादकाने मान्य केलं असेल, तर नव्या इंजिनाला हाच सर्वांत निर्धोक पर्याय आहे.

प्रश्न विचारताना यांपैकी कोणतं इंधन ते आवर्जून सांगा. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की नुकसान होतं.

५. माझं इंजिन साध्या तेलावर चालण्यासारखं आहे का?

अनुकूल असतात ती जुनी प्री-चेंबरवाली इंजिनं. त्यांत इंधन आधी एका छोट्या तापलेल्या कोठडीत पेटतं, त्यामुळे फवारा थोडा ओबडधोबड असला तरी निभावतं. सोबत इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी ओळीत वेगळा दट्ट्या असलेला इंधन पंप, असेल तर उत्तम, कारण बहुतेक इनलाइन पंपांच्या खालच्या भागाला इंजिन ऑइलचं वेगळं वंगण मिळतं. मर्सिडीजची जुनी ओएम ६१६ आणि ओएम ६१७ ही इंजिनं तेलावर चालवणाऱ्यांत याच गुणांमुळे लोकप्रिय झाली. लिस्टर पद्धतीची संथ, जड, एक सिलिंडरची इंजिनंही बऱ्यापैकी सोशिक.

रोटरी पंपाची गोष्ट वेगळी. त्याचं वंगण म्हणजे इंधनच. थंड, घट्ट तेलाने त्यातल्या भागांवर इतका ताण येतो की पंप जागच्या जागी धरतो किंवा त्याचा शाफ्ट तुटतो. रोटरी पंप असेल तर थंड तेल त्याच्यापर्यंत पोहोचताच कामा नये.

थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कार्बन लवकर धरतो. जर्मनीतल्या लुडविग एल्स्बेट यांनी खास वनस्पती तेलासाठी डायरेक्ट इंजेक्शन इंजिन घडवलं होतं, पण त्यात पिस्टनपासून थंड करण्याच्या पद्धतीपर्यंत सगळं त्या हिशेबाने केलेलं होतं. आपल्याकडचं साधं इंजिन म्हणजे ते नव्हे.

६. गाडी कॉमन रेलची आहे. थोडंसं, म्हणजे दहा-वीस टक्के तेल मिसळलं तर?

नको. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून इंधन देणाऱ्या पद्धतीत, दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो, इंजेक्टर एका फेरीत अनेक वेळा उघडझाप करतो आणि आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. दहा टक्के तेलानेही फवाऱ्याचं गणित बदलतं. खराब झालेला एक संच बदलण्याच्या खर्चात इंधनातली सगळी बचत बुडते.

बायोडिझेलच्या मिश्रणाचं तसं नाही. युरोपच्या ईएन ५९० मानकानुसार साध्या डिझेलमध्येच ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. त्यापुढे बी२० म्हणजे वीस टक्के वगैरे वापरायचं तर गाडीच्या पुस्तिकेत ते स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

मागे डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर असेल तर आणखी एक अडचण. फिल्टर जाळून साफ करण्यासाठी बऱ्याच गाड्या उशिराने जादा इंधन सिलिंडरमध्ये सोडतात. डिझेल तिथे वाफ होऊन पुढे निघून जातं. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू जास्त असल्याने त्यातलं बरंचसं भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ऑइल आपोआप वाढलं म्हणून खूश होऊ नका. ते इंधन आहे.

७. दोन टाक्यांची व्यवस्था कशी असते?

एका टाकीत डिझेल, दुसरीत तेल. सुरुवात नेहमी डिझेलवर. रेडिएटरचं गरम पाणी तेलाच्या टाकीतून, नळीलगत आणि फिल्टरमधून फिरवून हीट एक्स्चेंजरने तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापवायचं, मग व्हॉल्व्ह फिरवून तेलावर यायचं. थांबण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर येऊन पंप आणि इंजेक्टर धुऊन काढायचे, म्हणजे पुढच्या वेळी थंड इंजिनात दाट तेल उरलेलं नसेल.

८० अंशांनाही तेल डिझेलइतकं पातळ होत नाही, तेव्हाही ते तीन-चारपट दाट असतं. म्हणून तापवणं ही किमान अट समजा. एवढं केलं की सगळे प्रश्न मिटले, असं नाही.

नवख्यांचे दोन घोळ ठरलेले. एक, इंजिनाचं पाणी गरम झालं म्हणजे तेलही गरम झालं असं धरून लवकर व्हॉल्व्ह फिरवणं. तापमापक तेलाच्या नळीवर, पंपाच्या अगदी जवळ बसवा. दुसरा, परतीची नळी. इंजेक्टरकडून परत येणारं इंधन चुकीच्या टाकीत गेलं तर डिझेलच्या टाकीत हळूहळू तेल भरतं आणि एका थंड सकाळी इंजिन सुरूच होत नाही.

छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांनी ही व्यवस्था करू नये. तेल तापेपर्यंत मुक्काम आलेला असतो.

८. तापवण्यापेक्षा पेट्रोल किंवा रॉकेल घालून तेल पातळ केलं तर?

पातळ होतं, पण तेवढंच. रेणू तोच राहतो, त्यामुळे कार्बन धरणं आणि इंजिन ऑइल बिघडणं थांबत नाही. शिवाय तेलाचा सुरक्षितपणा जातो. साध्या तेलाचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते तापमान, २०० अंशांच्या वर, डिझेलचा ५५ च्या पुढे. पेट्रोल घातलं की टाकीतली वाफ नेहमीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते. डिझेलची टाकी, तिचं झाकण, हवा जायची नळी हे काही पेट्रोलच्या हिशेबाने बनवलेलं नसतं. पेट्रोल मिसळण्याचा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका.

डिझेलमध्येच मिसळायचं असेल तर जुन्या, प्रश्न ५ मधल्या सोशिक इंजिनात, उबदार हवेत आणि कमी प्रमाणात निभावतं. ‘निभावतं’ असंच म्हणतो, ‘मानवतं’ म्हणत नाही.

९. कुठलं तेल सगळ्यांत चांगलं?

दोन गोष्टी पाहायच्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. एक आयोडीन मूल्य: ते जितकं जास्त तितकं तेल हवेत आणि उष्णतेत लवकर घट्ट होऊन रोगणासारखा चिवट थर धरतं. जवसाचं १७० च्या पुढे, सूर्यफूल आणि सोयाबीन १२० ते १४० च्या आसपास, शेंगदाणा साधारण ९०, पाम ५० च्या जवळ, खोबरेल दहाच्या आसपास. दुसरी गोष्ट गोठणं: आयोडीन मूल्य कमी असलेली तेलं लवकर गोठतात. खोबरेल २४-२५ अंशांना घट्ट होतं, पाम त्याहूनही आधी.

म्हणजे उष्ण हवेत शेंगदाणा, पाम, खोबरेल यांना झुकतं माप, थंड हवेत मोहरीवर्गातल्या रेपसीडला. रेपसीड दोन्ही बाजूंनी मध्यावर असल्याने इंधन म्हणून सर्वाधिक काम त्याच्यावर झालं. जर्मनीत त्यासाठी डीआयएन ५१६०५ हे वेगळं मानकच आहे. जवस इंजिनात नको. एरंडेलही नको, कारण ते ४० अंशांना २०० सेंटिस्टोकच्याही वर दाट असतं.

घाण्याच्या कच्च्या तेलात फॉस्फरसयुक्त डिंक असतो आणि तो फिल्टर तुंबवतो, कार्बन वाढवतो. वरच्या मानकात फॉस्फरस किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवा असं आहे ते उगाच नाही. डिंक काढलेलं किंवा रिफाइंड तेल घ्या.

१०. तळणीचं वापरलेलं तेल चालेल का? साफ कसं करायचं?

चालतं, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने मला तेच सर्वांत पटतं, कारण त्यासाठी वेगळं पीक घ्यावं लागत नाही. पण त्यात तीन शत्रू असतात: पाणी, कण आणि आम्लता.

डबा हलवू नका. उबेत काही दिवस निवळू द्या आणि वरचंच तेल काढून घ्या, तळाचा साका कितीही मोहात पाडणारा असला तरी. मग टप्प्याटप्प्याने गाळा: आधी जाड कापड, शेवटी ५ मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक फिल्टर. गाळताना तेल फार तापवू नका. गरम तेलात विरघळलेली चरबी फिल्टरमधून सुटते आणि टाकीत गेल्यावर गोठते.

पाण्यासाठी सोपी पारख आहे. लहान कढल्यात चमचाभर तेल तापवा. तडतड झाली, बुडबुडे आले तर पाणी आहे. डोळ्यांवर चष्मा असू द्या. असं पाणी मोठ्या भांड्यात उकळून घालवायला जाऊ नका. तळाशी पाण्याचा थर असलेलं तेल शंभरावर गेलं की एकदम उसळतं आणि माणूस भाजतो. साठ अंशांपर्यंत तापवून, निवळू देऊन खालून पाणी सोडणं बरं.

आम्लतेचं मोजमाप प्रश्न १२ मध्ये आहे. काळंकुट्ट, खवट वासाचं तेल साध्या इंधनासाठी घेऊ नका. आम्ल पंप आणि धातूचे भाग खातं.

११. इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलायचं?

साध्या तेलावर चालवत असाल तर नेहमीच्या निम्म्या अंतरावर, आणि यात काटकसर नको. रिंगांवरून खाली आलेलं वनस्पती तेल इंजिन ऑइलमध्ये साठतं. डिझेल झिरपलं तर गरम ऑइलमधून त्यातलं काही उडून तरी जातं, वनस्पती तेल जात नाही. तिथल्या उष्णतेत आणि हवेत त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. बराच काळ काही दिसत नाही, आणि मग थोड्याच अवधीत ऑइल जेलीसारखं घट्ट होतं. पंप ते ओढू शकत नाही, बेअरिंग कोरडी पडतात, इंजिन बसतं.

डिपस्टिक रोज पाहा. पातळी वाढणं ही पहिली खूण. ऑइल बोटांत धरून ताणल्यावर तार सुटत असेल किंवा थेंब पडायला आळस करत असेल तर त्याच दिवशी बदला, किलोमीटर मोजत बसू नका.

१२. घरी बायोडिझेल बनवता येतं का?

रसायन अवघड नाही, धोके मात्र खरे आहेत. ताज्या, कोरड्या तेलाच्या एका लिटरला साधारण २०० मिलिलिटर मिथेनॉल आणि ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. सोडा आधी मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवतात, मग ५५ अंशांच्या तेलात घालून तासभर ढवळतात. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून तापमान त्याखालीच. निवळू दिलं की जड ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर एस्टर राहतं. ते कोमट पाण्याने हलक्या हाताने धुऊन, पाणी पूर्ण उडेपर्यंत वाळवायचं.

वापरलेल्या तेलाला सोडा जास्त लागतो, कारण सुटं मेदाम्ल आधी त्यातला काही खातं. किती, ते मोजायचं. दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक मिलिलिटर तेल घ्या, फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे थेंब टाका आणि लिटरला एक ग्रॅम सोडा असलेलं पाणी थेंबाथेंबाने सोडा. टिकणारा गुलाबी रंग यायला जितके मिलिलिटर लागले, तितके ग्रॅम सोडा लिटरमागे जादा.

आता धोके. मिथेनॉल विषारी आहे, श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं आणि दृष्टी घालवू शकतं. त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. सोडा मिसळलेलं मिथेनॉल डोळ्यात गेलं तर नुकसान कायमचं. मोकळी हवा, हातमोजे, चष्मा, जवळ भरपूर पाणी आणि आसपास ठिणगीही नाही, एवढं जमत नसेल तर विकतचं प्रमाणित बायोडिझेल घ्या. स्वयंपाकघरात तर हे कधीच नको. खाली राहिलेल्या ग्लिसरीनमध्येही मिथेनॉल असतं. ते गटारात ओतू नका, जनावरांना देऊ नका.

१३. सगळं नीट केलं तरी साबणच झाला. किंवा थर वेगळे झाले, पण इंधन चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

साबण होण्याची कारणं दोनच: तेलात पाणी किंवा जास्त आम्लता. सुटी मेदाम्लं दोन-तीन टक्क्यांच्या पुढे गेली की नुसत्या सोड्याने काम नीट होत नाही. आधी गंधकाम्ल वापरून मेदाम्लांचंही एस्टर करावं लागतं, आणि ते नवशिक्याचं काम नाही. असलं तेल सोडून दुसरं घ्या.

थर वेगळे झाले म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली असं नाही. त्यासाठी ३ मिलिलिटर बायोडिझेल २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये घालून हलवा. सगळं स्वच्छ विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला तर तेवढं तेल बदलायचं राहून गेलं आहे आणि त्याचे परिणाम प्रश्न ३ प्रमाणेच. ही चाचणी नेहमीच्या खोलीच्या तापमानाला करा. तरी प्रयोगशाळेतल्या तपासणीची जागा ती घेत नाही.

१४. बायोडिझेल टाकल्यापासून फिल्टर तुंबतोय. इंधन खराब आहे का?

बहुधा नाही. बायोडिझेल चांगलं द्रावक आहे. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला डिझेलचा गाळ ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. जादा फिल्टर जवळ ठेवा, एक-दोन बदलल्यावर त्रास थांबतो. थांबलाच नाही तर प्रश्न १५ पाहा.

रबराचा मुद्दा मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. नैसर्गिक रबर आणि नायट्राइलच्या नळ्या, सील बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात. जुन्या गाडीत त्या व्हायटॉनच्या, म्हणजे बायोडिझेलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या, करून घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पुसा.

१५. थंडीत काय होतं?

बायोडिझेल आधी धूसर होतं, मग त्यात मेणाचे कण धरतात आणि फिल्टर बंद पडतो. पामपासूनचं १३ ते १६ अंशांनाच धूसर व्हायला लागतं, सोयाबीनचं शून्याच्या जवळपास, रेपसीडचं त्याखाली. ऊब मिळाली की मेण पुन्हा विरघळतं, म्हणून इंधन फेकून देऊ नका. डिझेलचं प्रमाण वाढवा.

एक अपवाद आहे. पाम आणि सोयाबीनच्या बायोडिझेलमध्ये स्टेरिल ग्लुकोसाइड नावाचा पदार्थ अल्प प्रमाणात असतो. तो थंडीशिवायही हळूहळू खाली बसतो आणि तापवूनही विरघळत नाही. उबदार हवेत पांढुरका गाळ दिसला तर हे कारण असू शकतं. तो गाळूनच काढावा लागतो.

१६. मायलेज आणि ताकद कमी होते का?

थोडी. लिटरमागे डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, साध्या तेलात ३४ च्या आसपास, बायोडिझेलमध्ये ३३. म्हणजे पाच ते नऊ टक्क्यांचा फरक. याहून जास्त घट जाणवली तर दोष इंधनाच्या ऊर्जेत नाही, फिल्टर किंवा नोझल तपासा.

१७. धूर खरंच कमी होतो का?

बायोडिझेलचा होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली जड वाहनांच्या त्या काळच्या इंजिनांवरची आकडेवारी एकत्र केली. शुद्ध बायोडिझेलवर कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ निम्म्यावर आले, न जळलेले हायड्रोकार्बन दोन तृतीयांश घटले, पण नायट्रोजनची ऑक्साइडं सुमारे दहा टक्क्यांनी वाढली.

साध्या तेलाबद्दल असं सरसकट सांगता येत नाही. गरम इंजिन, पूर्ण लोड असेल तर धूर ठीक असतो. थंड इंजिनात आयडलवर तळणीचा झोंबरा वास येतो, तो अ‍ॅक्रोलिन या अर्धवट जळलेल्या तेलातून निघणाऱ्या पदार्थाचा. तो आरोग्याला वाईट, आणि ज्वलन नीट होत नसल्याची खूणही.

१८. सगळ्यांनीच तेल वापरलं तर खनिज तेलाचा प्रश्न सुटेल का?

नाही सुटणार, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. हेक्टरी वर्षाला पामचं तीन-चार टन तेल मिळतं, सोयाबीनचं जेमतेम अर्धा टन. पामचं उत्पन्न मोठं, पण त्यासाठी जंगलं तोडली आणि दलदली सुकवल्या तर बाहेर पडणारा कार्बन इंधनातून झालेली बचत कितीतरी काळ खाऊन टाकतो. खाण्याच्या तेलाची ओढाताण वेगळीच. वापरलेलं तेल, टाकाऊ मेद यांचं इंधन करणं खरोखर उपयोगाचं आहे, पण त्याचं प्रमाण मर्यादित आहे. ते वाया जाऊ नये, एवढं मात्र नक्की.

१९. गाडी नाही, जनरेटर चालवायचा आहे. तिथे सोपं जातं का?

जाऊ शकतं. वेग स्थिर, इंजिन एकदा तापलं की तापलेलंच, जागा भरपूर. पण अट लोडची. मोठ्या जनरेटरवर चार दिवे लावून रात्रभर चालवलं तर सिलिंडर पुरेसा तापत नाही आणि कार्बन झपाट्याने धरतो. लोड कायम क्षमतेच्या निम्म्याहून बराच वर राहणार नसेल तर डिझेलच वापरा. वीज गेल्यावरच चालू होणाऱ्या जनरेटरमध्ये तेल किंवा बायोडिझेल भरून ठेवू नका. महिनोन्‌महिने पडून ते नळ्यांतच चिकट होतं आणि नेमकं गरजेच्या वेळी दगा देतं.

२०. साठवण कशी करायची? आगीचा धोका आहे का?

अंधारात, थंड जागी, काठोकाठ भरलेल्या बंद पिंपात. आत हवा जितकी कमी तितकं बरं. तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा असलेलं भांडं टाळा, या धातूंमुळे तेल लवकर बिघडतं. बायोडिझेल सहा महिन्यांच्या आत संपवा. तळाशी पाणी साचू देऊ नका, त्यात जंतू वाढून शेवाळी गाळ धरतो.

पिंपातलं तेल सहजासहजी पेटत नाही, तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र आपोआप पेटू शकतात. जवस, करडई, सूर्यफूल अशी तेलं हवेतला ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतात, आणि चिंध्यांचा ढीग असेल तर ती उष्णता आत कोंडते. कुणी काडी ओढावी लागत नाही. चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

२१. वापरलेलं इंजिन ऑइल किंवा प्राण्यांची चरबी चालेल का?

इंजिन ऑइल नाही. त्यात धातूचे कण आणि राख करणारी रसायनं असतात, ती नोझल झिजवतात आणि धुरातून बाहेर पडतात. चरबीपासून बायोडिझेल बनतं, पण ते लवकर गोठतं. साधी चरबी इंधन म्हणून नको.

२२. वॉरंटी आणि कायदा?

साध्या तेलाने झालेलं नुकसान उत्पादक सहसा भरून देत नाहीत. इंधनावरचा कर, घरी इंधन बनवण्याचा आणि मिथेनॉल साठवण्याचा परवाना, विमा यांचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. सुरुवात करण्यापूर्वी आपापल्या अधिकाऱ्यांकडून लेखी खात्री करून घ्या. अपघातानंतर तोंडी उत्तराचा उपयोग होत नाही.

२३. काही काळ तेलावर चालवलं, आता परत डिझेलवर यायचं आहे. काय तपासू?

आधी इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला, वाट पाहू नका. मग तेल टाकीतून पूर्ण काढून डिझेल भरा आणि इंधनाचा फिल्टर लागोपाठ दोनदा बदलायच्या तयारीत राहा. फिल्टर बदलल्यावर लाइनमधली हवा नीट काढा. इंजेक्टर काढून नोझलचा फवारा टेस्टरवर पाहून घ्या. फवाऱ्याऐवजी धार पडत असेल किंवा थेंब गळत असेल तर नोझल साफ करून किंवा बदलून मगच चालवा.

शेवटी कॉम्प्रेशन. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल केल्यावर धुराचे भपके येत असतील तर रिंग चिकटल्याची शक्यता आहे. कधी कधी चांगल्या ऑइलवर, पुरेशा लोडखाली काही तास चालवल्यावर त्या सुटतात. नाही सुटल्या तर हेड खोलायला पर्याय नाही.